फेरो रॉड घेतलाय पण पेटत काहीच नाही? नाशिकच्या डोंगरांत वापरून वापरून जे कळलं ते सगळं

गेल्या काही वर्षांत नाशिकच्या आसपास टेंट टाकून राहणं खूप वाढलंय, वैतरणा म्हणा, भावली म्हणा, गंगापूर धरणाचं बॅकवॉटर म्हणा, शनिवारी संध्याकाळी गेलात की गाड्या लागलेल्या दिसतात आणि कितीतरी पोरांच्या सॅकला किचेनसारखा एक काळा रॉड, घासून ठिणग्या पाडायचा फेरो रॉड, आणि सोबत दातेरी पट्टी लटकलेली असते. विचारलं की वापरला का रे कधी, तर उत्तर ठरलेलं, "भाऊ ठिणग्या लय पडतात, पण पेटत काहीच नाही."

माझ्यासोबत पण हेच झालं होतं. नोव्हेंबरचे शेवटचे दिवस होते, आम्ही चौघं हरिहर गडाच्या पायथ्याशी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर मुक्कामाला होतो आणि संध्याकाळी अवकाळी आला, चांगला तासभर कोसळला. काडेपेटी सॅकच्या वरच्या कप्प्यात, तिचा लगदा झालेला. लायटर भिजला, चाक फिरवलं की नुसतं घसरायचं. मग मी मोठ्या विश्वासाने फेरो रॉड काढला, नवाकोरा, पाकिटातून काढल्यापासून एकदाही न घासलेला, आणि पाऊण तास घासत बसलो. हात थरथरायला लागले, बोटाचं साल निघालं, पण वाळलेल्या वाटणाऱ्या गवताने काही पेट घेतला नाही. शेवटी खळ्याच्या मालकीणबाई, मावशी म्हणायचो आम्ही त्यांना, त्या कंदील घेऊन आल्या, माझ्या हातातलं ओलं लाकूड घेतलं, कोयत्याने उभं चिरलं आणि आतला कोरडा पिवळा भाग दाखवून म्हणाल्या, "वरून ओलं झालं म्हणून आतून ओलं नसतंय पोरा." तो एक वाक्याचा धडा मला सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त कामाला आला.

त्यानंतर मी हा प्रकार नीट शिकलो, घराच्या गच्चीवर, मग शेतात, मग पावसात. ठिणगी पाडणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, ते पाच मिनिटांत येतं. अवघड असतं ते ठिणगीच्या आधीचं आणि नंतरचं, म्हणून या लेखात मी रॉड घासण्यावर कमी आणि त्या आधी-नंतरच्या गोष्टींवर जास्त लिहिणार आहे.

हा रॉड नेमका आहे काय

आपल्याकडे चकमक होतीच. पेठकडच्या मामाच्या गावाला मी लहानपणी एका म्हाताऱ्या बाबांना चकमकीवर बिडी पेटवताना पाहिलंय, गारगोटीचा तुकडा, पोलादाचा वाकवलेला तुकडा आणि नळीत कोंबलेला सावरीचा कापूस. त्यात कठीण गारगोटी पोलादाचे बारीक कण खरवडते आणि ते कण घासल्याच्या उष्णतेने हवेत जळतात, तीच ठिणगी.

फेरो रॉडमध्ये काम उलटं आहे. इथे रॉड मऊ आणि पट्टी कठीण, म्हणजे पट्टी रॉडला खरवडते आणि रॉडचेच कण जळतात. हा रॉड फेरोसेरियम नावाच्या मिश्रधातूचा असतो, सेरियम, लँथेनम असले धातू आणि लोखंड. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली याचं पेटंट घेतलं. हेच ते गृहस्थ ज्यांनी गॅसबत्तीची जाळी शोधली, आपल्या लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे ना त्या बत्त्या, त्यातली पांढरी जाळी. सेरियमचे बारीक कण दीडशे-दोनशे अंशांच्या आसपासच पेट घेतात आणि एकदा पेटले की ठिणगीचं तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या घरात जातं, म्हणून ही ठिणगी चकमकीपेक्षा कितीतरी गरम. सिगारेट लायटरमधला तो छोटा खडा पण याच धातूचा, आणि अंबड-सातपूरला वेल्डिंगवाले गॅस पेटवायला जो वाटीवाला लायटर खटकन दाबतात त्यातला खडाही हाच. घरातला गॅसचा लायटर मात्र वेगळा, तो विजेची ठिणगी देतो, त्याचा याच्याशी संबंध नाही.

फायदा काय तर हा भिजला तरी पुसून लगेच चालतो, त्यात गॅस नाही की संपेल, आणि थंडीचा त्याच्यावर काही परिणाम नाही. तोटा काय तर हा ज्योत देत नाही, फक्त ठिणगी देतो, आणि ती क्षणभर टिकते. त्या क्षणात ती पडलेल्या जागी पेट घेणारी वस्तू हवी. मी त्या रात्री जे गवत घेतलं होतं ते दवाने आणि पावसाने आतून दमट होतं, त्याच्यावर हजार ठिणग्या टाकल्या असत्या तरी काही झालं नसतं.

घेताना

अगदी बारीक, पेन्सिलच्या शिशासारखे रॉड घेऊ नका, दाब दिला की मोडतात. साधारण ८ मिलिमीटर जाड आणि ७-८ सेंटिमीटर लांब असेल तर खिशात मावतो आणि हातात पण धरता येतो. माझा १० मिलिमीटरचा आहे, जरा जड, पण थंडीने बोटं बधिर झाली की जाड रॉडच बरा पडतो. निफाडकडे काही वर्षी पारा ५ अंशांच्या खाली जातो, तिथे पहाटे शेकोटी पेटवून बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. पाकिटावर इतके हजार स्ट्राइक वगैरे लिहिलेलं असतं ते वाचून निर्णय घेऊ नका, हौशी माणसाला एक रॉड कित्येक वर्षं जातो.

काही ठिकाणी मॅग्नेशियमचा चपटा ठोकळा आणि त्याच्या कडेला फेरो रॉडची पट्टी असा प्रकार मिळतो. मॅग्नेशियमचा कीस पाडायचा, नाण्याएवढा ढीग करायचा आणि त्यावर ठिणगी टाकायची, पांढराशुभ्र झगझगीत जाळ होतो. चांगली वस्तू आहे पण कीस पाडायला वेळ लागतो आणि वारा असला की कीस उडून जातो. तो पानावर नाही तर डक्ट टेपच्या चिकट बाजूवर पाडायचा, तरच हाताशी राहतो.

सोबत येणारी पट्टी बऱ्याचदा निकामी असते, पातळ पत्र्याची आणि कडा गोल झालेली. हार्डवेअरच्या दुकानातून हॅकसॉ ब्लेड आणा, लोखंड कापायचं, त्याचा बोटभर तुकडा मोडा (फडक्यात धरून आणि डोळे सांभाळून, ते ब्लेड फुटून उडतं), एका बाजूला टेप गुंडाळा आणि दातांच्या उलट बाजूची सरळ कड वापरा. फरक लगेच दिसेल. चाकूची पाठ वापरायची तर ती काटकोनात हवी, नख फिरवलं तर नखाचा कीस निघायला पाहिजे. चाकूची धार कधीच वापरू नका, धार पण जाते आणि हात पण कापतो.

पहिलं काम: काळा थर काढा

नवीन रॉडवर काळं कोटिंग असतं, गंजू नये म्हणून. ते असेपर्यंत ठिणगी पडत नाही किंवा अगदी मरतुकडी पडते, आणि बऱ्याच लोकांना वाटतं की माल डुप्लिकेट आला. पंधरा-वीस वेळा एकाच बाजूने दाबून घासा, खालचा चंदेरी धातू दिसला की झालं. हे घरी करा, डोंगरावर नाही. आणि नेहमी त्याच बाजूवर घासा, मग थोड्या दिवसांनी तिथे सपाट पट्टा तयार होतो आणि पट्टी तिथे छान बसते.

टिंडर, म्हणजे खरं काम इथेच आहे

टिंडर म्हणजे जे ठिणगीने पेटतं ते. कापसासारखं पिंजलेलं, कोरडं, मध्ये हवा असलेलं. आपल्या घरातच याचा खजिना आहे आणि लोक मात्र ऑनलाइन महागडी टिंडरची पाकिटं मागवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे व्हॅसलिन लावलेला कापूस. औषधाच्या दुकानातला साधा कापूस घ्या, बोराएवढा गोळा, त्यात चण्याच्या डाळीएवढं व्हॅसलिन चोळा, पण बाहेरचा थोडा भाग कोरडा ठेवा. वापरताना गोळा फाडून फुलवायचा, कोरडे तंतू वर दिसले पाहिजेत, ठिणगी ते धरतात आणि मग व्हॅसलिन मेणबत्तीसारखं जळत राहतं, तीन-चार मिनिटं आरामात. त्या तीन मिनिटांत दमट काडी पण सुकून पेटते. कापूस खरा सुती असावा, सिंथेटिक असेल तर तो वितळतो, पेटत नाही.

याचीच तयार आवृत्ती आपल्या देवघरात असते, तुपातल्या फुलवाती. पूजेच्या साहित्याच्या कुठल्याही दुकानात डबी मिळते. फक्त वात जशीच्या तशी ठेवून ठिणगी टाकली तर काही होणार नाही कारण वरून तूप थिजलेलं असतं. तिचा देठ मोडून आतला कापूस नखाने उकलायचा, पिसासारखा करायचा, मग बघा. माझ्या डबीत कायम सहा फुलवाती असतात.

कापूर पण उत्तम. नुसत्या वडीवर ठिणगी टाकत बसू नका, वडी चुरून भुगा करा आणि कापसाच्या पिंजलेल्या तुकड्यावर भुरभुरवा. वाऱ्यात सुद्धा धरतो. कापूर उघडा राहिला तर उडून जातो म्हणून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, आई त्यात दोन मिऱ्याचे दाणे टाकते, मी पण टाकतो.

सुतळी ही तिसरी गोष्ट जी माझ्याकडे नेहमी असते. ज्यूटची साधी सुतळी, वीतभर कापायची, पीळ उलगडायचा आणि बोटांनी इतकी पिंजायची की चिमणीचं घरटं वाटलं पाहिजे. नुसती उलगडून चालत नाही, पिंजायला पाच मिनिटं तरी द्या. ती पटकन जळून जाते म्हणून तिच्या मध्ये फुलवातीचा कापूस ठेवायचा. नारळाची शेंडी पण अशीच, पण तिचे तंतू जाड, ठिणगी सहज धरत नाहीत, ती बाहेरच्या थराला वापरा.

आता बाहेर मिळणाऱ्या गोष्टी. वाळलेला बांबू मिळाला तर चाकूची पाठ त्याच्या सालीवर आडवी धरून खरवडा, लोकरीसारखा कीस निघतो, मूठभर कीस झाला की ठिणगी लगेच धरतो. रुईच्या फळातला आणि सावरीचा कापूस भसकन पेटतो आणि तेवढ्यात विझतो, त्याला एकट्याला वापरू नका. वाळलेलं गवत हाताने चोळून भुगा करायचा, चोळल्यावर हाताला गार लागलं तर त्यात ओल आहे, बाजूला टाका. गोवरी ठिणगीने पेटत नाही, पण एकदा पेटली की विस्तव तासन्‌तास धरून ठेवते, म्हणून तिचं काम नंतरचं.

चकमकवाल्या बाबांसारखं करायचं असेल तर जळका कपडा करून ठेवा. जुन्या सुती बनियनचे तुकडे बुटाच्या पॉलिशच्या डबीत भरायचे, झाकणाला खिळ्याने एक भोक, डबी निखाऱ्यावर ठेवायची, भोकातून धूर येणं थांबलं की काढायची आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायची नाही. आत काळे कोळशासारखे तुकडे. त्यावर एक ठिणगी पडली की लाल ठिपका होतो आणि पसरत जातो, ज्योत येत नाही. तो तुकडा सुतळीच्या घरट्यात ठेवून हळू फुंकायचं. मला ही पद्धत मनापासून आवडते पण डबीत ओल शिरली तर सगळं वाया.

लाकूड आधी, ठिणगी नंतर

बहुतेक लोक इथे घाई करतात. कापूस पेटतो, सगळे ओरडतात, आणि मग काटक्या शोधायला पळतात, तोपर्यंत विझलेलं असतं. ठिणगी टाकायच्या आधी तीन ढीग तयार पाहिजेत: काडेपेटीच्या काडीएवढ्या बारीक काटक्या दोन मुठी, पेन्सिलएवढ्या तेवढ्याच, आणि अंगठ्याएवढी लाकडं कवळभर. बारीक ढीग कमी पडतो, नेहमीच कमी पडतो, म्हणून वाटतो त्याच्या दुप्पट गोळा करा.

काडी मोडताना कट्कन आवाज आला तर कोरडी, वाकली तर ओली. जमिनीवर पडलेल्यापेक्षा झुडपात अडकून राहिलेल्या मेलेल्या काटक्या कोरड्या असतात. उभं झाड तोडायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

आपल्या भागात शेतावर मुक्काम असेल तर जळणाची चंगळ आहे. द्राक्षबागेच्या छाटणीच्या वाळलेल्या काड्या, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की बांधावर ढीग लागलेले असतात, पेन्सिलच्या मापाच्या आणि छान खणखणीत जळतात. फक्त त्यांच्यावर वर्षभर फवारण्या झालेल्या असतात म्हणून मी त्यांच्या जाळावर थेट वांगी किंवा कणीस भाजत नाही, शेकायला आणि पेटवायला वापरतो. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, मिळाल्या तर सोनं, मालेगावकडे पऱ्हाट्या, कपाशीच्या. मालकाला विचारून घ्या, तो त्याचा सरपणाचा साठा असतो.

काही लाकडं अजिबात जाळू नका. कण्हेर विषारी आहे, तिचा धूर पण नको आणि तिच्या काडीला लावून काही भाजणं तर मुळीच नको. बिब्ब्याचं लाकूड किंवा फळं जाळात गेली तर धुराने सुद्धा अंग उततं. शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्यांना फार वाईट. ओळखू येत नसेल ते लाकूड सोडून द्या.

लाकडं ओली असतील तर मावशींची युक्ती. मनगटाएवढं वाळलेलं लाकूड घ्या, कोयत्याने उभं चिरा, परत चिरा, आतला कोरडा गाभा काढा. त्याच्याच पातळ चिपा करा, आणि एका चिपेवर चाकूने वरून खाली असे कुरळे कीस काढा की ते काडीलाच लटकत राहतील, फुलासारखे. अशा चार-पाच काड्या झाल्या की पावसात पण जाळ लागतो. ऐन जुलैत मात्र डोंगरावर काही कोरडं मिळेल या आशेवर जाऊ नका, तुराट्यांची एक छोटी मोळी पॉलिथिनमध्ये बांधून घरूनच न्या.

जागा

खाली ओली जमीन असेल तर ती उष्णता ओढून घेते, म्हणून चार जाडसर काटक्या शेजारी शेजारी लावून पाट करा आणि त्यावर मांडणी करा. चुलीला दगड लावणार असाल तर नदीच्या किंवा धरणाच्या पाण्यातले दगड घेऊ नका, आत पाणी मुरलेलं असतं आणि तापल्यावर ते फुटून उडतात. कोरड्या जागचे घ्या. वाऱ्याकडे पाठ करून बसा म्हणजे तुमचंच अंग आडोसा होतं. टेंटपासून लांब, कारण नायलॉनला एक ठिणगी पुरते, आणि अंगावरचं जॅकेट पण सिंथेटिक असतं हे विसरू नका. टेंटच्या आत शेगडी किंवा निखारे कधीच नाहीत, कितीही थंडी असू दे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत माणूस जातो.

आता घासायचं

एक पातळ ढलपी किंवा सालीचा तुकडा घ्या, त्यावर पिंजलेला कापूस, त्याच्याभोवती सुतळीचं घरटं. गुडघ्यावर बसा. डाव्या हातात रॉड, उजव्या हातात पट्टी (डावखुऱ्यांनी उलट). रॉड तिरका धरा, साधारण ४५ अंशात, टोक टिंडरकडे.

बहुतेक जण पट्टी जोरात पुढे मारतात, माचिस ओढल्यासारखी, त्याने ठिणग्या लांब उडतात, दिसायला मस्त, आणि शेवटी हात टिंडरवर आदळून सगळं घरटं विस्कटतं. त्याऐवजी पट्टीचा हात गुडघ्याला टेकवून अगदी स्थिर ठेवा, पट्टी टिंडरच्या बोटभर वर, रॉडचं टोक पट्टीच्या पुढे गेलेलं, आणि मग रॉड मागे ओढा, स्वतःकडे. पट्टी जागेवर, रॉड हलतो. सगळ्या ठिणग्या एकाच ठिकाणी पडतात आणि टिंडरला धक्का लागत नाही. ही एक गोष्ट समजली की अर्धं काम झालं.

दुसरी पद्धत कापसासाठी: रॉडचं टोक कापसातच रोवायचं, खालच्या ढलपीवर घट्ट टेकवायचं आणि पट्टी वरून खाली हळू पण पूर्ण दाबाने सरकवायची. हळू म्हणजे खरंच हळू. जोरात घासलं की बारीक ठिणग्यांचा फवारा उडतो, त्या हवेतच विझतात. दाबून हळू घासलं की धातूचे जाड कण सुटतात, जवळून बघितलं तर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे थेंब कापसावर टपकताना दिसतात आणि पडल्यावर पण क्षणभर तडतडत जळत राहतात, कापसाच्या तंतूला पिवळी कड लागते आणि मग ती कड वर चढते. तो तंतू पेटताना एकदा जवळून बघाच.

दहा वेळा घासून पेटलं नाही तर थांबा. रॉडमध्ये दोष शोधू नका, टिंडर अजून पिंजा, त्यातला कोरडा भाग वर आणा, वारा कुठून येतोय बघा. आणि पट्टी रॉडवर नीट काटकोनात बसतेय का ते पण.

पेटल्यावर

ज्योत दिसली की माणूस घाबरून मोठं लाकूड टाकतो आणि जाळ गुदमरतो. आधी फक्त काडेपेटीच्या काडीच्या मापाच्या काटक्या, एकेक नाही तर सात-आठची जुडी, ज्योतीवर तिरकी टेकवायची म्हणजे खालून हवा येते. त्या तडतडायला लागल्या की पेन्सिलवाल्या. या टप्प्यावर फुंकर लांबून, हळू आणि लांबलचक, आणि ज्योतीच्या बुडाला. नुसतं धुमसत असेल तर फुंकणी कामाची, पोकळ बांबूचा हातभर तुकडा असला तरी चालतो, चेहरा जाळाजवळ न्यावा लागत नाही. अंगठ्याएवढी लाकडं लागली की मग बसा निवांत, चहाचं आधण ठेवा, आणि गोवरी कडेला सरकवा.

कुठे पेटवायचं नाही

हे मी आवर्जून लिहितोय, कारण आपले डोंगर दर उन्हाळ्यात वणव्यात काळे होतात. राखीव जंगलात विस्तव पेटवणं किंवा नेणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० लागतं. अंजनेरीचं पठार घ्या, तिथे सेरोपेजिया या फुलझाडाची एक जात आहे जिच्या नावातच अंजनेरी आहे, तिथल्या डोंगरावरच ती पहिल्यांदा सापडली, तिचा कंद जमिनीखाली असतो, आणि तिथेच कोणीतरी मॅगीसाठी चूल मांडून जातो. ब्रह्मगिरी, साल्हेर, धोडप, हरिहर, वर गडावर कुठेच आग नको, गडाच्या दगडांवर काजळी आणि तडे पाहिले की जीव तुटतो. पायथ्याच्या गावात, मालकाच्या परवानगीने, खळ्यावर किंवा नांगरलेल्या वावरात पेटवा.

डिसेंबरपासूनच गवत पिवळं पडतं. तेव्हा पेटवायचं असेल तर भोवतालचं दोन मीटर गवत, पाचोळा साफ करा, वनखातं जाळरेषा काढतं तसंच लहान प्रमाणात, आणि ठिणगी टाकायच्या आधी पाण्याची पाच लिटरची कॅन हाताशी. फेब्रुवारी उजाडला की पहिल्या पावसापर्यंत मी उघड्यावर पेटवतच नाही, डबाभर जेवण आणि थर्मासमध्ये चहा नेतो. वाट चुकून रात्र डोंगरावर काढायची वेळ आली, अंग भिजलंय, हुडहुडी भरलीय, तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा कातळावर, गवतापासून लांब, लहानशी आग करा आणि तिच्याजवळ कोणीतरी जागं राहा.

जपणूक आणि डबी

रॉड ओला झाला तर पुसून ठेवा, ओलसर कप्प्यात महिनोन्‌महिने राहिला तर पांढरट बुरशीसारखा थर चढतो आणि धातू ठिसूळ होतो. कोकणात खाऱ्या हवेत नेला तर आल्यावर आवर्जून पुसा. बरेच दिवस वापरणार नसाल तर मशीनच्या तेलाचं बोट फिरवा किंवा नेलपॉलिशचा हात द्या, वापरताना खरवडला की निघून जातो. लहान मुलांच्या हातात एकट्याने देऊ नका, पण शिकवा जरूर, माझी पुतणी नऊ वर्षांची आहे, अंगणात पाण्याची बादली शेजारी ठेवून ती फुलवात पेटवते.

माझी डबी अशी आहे: स्टीलची छोटी डबी, त्यात सहा फुलवाती, चार व्हॅसलिनचे कापूस, कापूर, वीतभर सुतळीचे तीन तुकडे, हॅकसॉचा तुकडा. रॉड डबीत नाही, गळ्यात दोरीला, कारण सॅक दरीत गेली तर डबी पण गेली. आणि हो, काडेपेटी आणि लायटर पण सोबत असतात, झिपवाल्या पिशवीत. काडेपेटी चालत असेल तर तीच वापरा, रॉड बाकी सगळं संपल्यावरचा आहे.

शिकायला सुरुवात घरी करा. आधी व्हॅसलिनचा कापूस, कोरड्या दिवशी. मग सुतळी. मग बांबूचा कीस. मग वाऱ्यात. मग हात थंड पाण्यात दोन मिनिटं बुडवून, बधिर बोटांनी. मग पाऊस चालू असताना पत्र्याखाली. प्रत्येक पायरी तीन वेळा सलग जमली की पुढे जा.

विझवताना लाकडं आधी सुटी करा, पाणी ओता, काठीने राख ढवळा, परत पाणी ओता, चर्र आवाज पूर्ण बंद झाला पाहिजे. नुसती माती टाकून निघू नका, खाली निखारे सकाळपर्यंत जिवंत राहतात आणि वाऱ्याने उघडे पडतात. मग हाताची मागची बाजू राखेच्या जवळ धरा, ऊब नाही लागली तर राखेला टेकवा, मग दोन बोटं राखेत खुपसून बघा. कोमट जरी लागलं तरी अजून एक तांब्या. राख पूर्ण गार झाली की दगड जिथून आणले तिथे परत ठेवायचे, काळी बाजू खाली.